आधी बिळं बघा

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आणि आसपास जिथे जिथे घरामागे वांगी-मेथी लावलेली मराठी माणसं आहेत त्या सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचंय ग्राउंड स्क्विरलबद्दल, म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारी ती करडी ठिपक्याठिपक्यांची खार. आपली गावाकडची खार, पाठीवर रामाची बोटं उमटलेली, ती घाबरली की झाडावर जाते. ही झाडावर चढते तशी, पण घाबरली की पळते बिळात. एवढी एक खूण लक्षात ठेवा, बिळात पळाली तर ती ग्राउंड स्क्विरल.

आणि आजची मुख्य गोष्ट आत्ताच सांगते, परत परत सांगणार आहे: आधी बिळं बघा. औषध नाही, पिंजरा नाही, आधी बिळं.

हे मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. आम्ही त्यांना दादा म्हणतो, तासगावकडचे, जन्म शेतात गेला. एका एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लिव्हरमोरला आले. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे लगेच गवताची टेकडी, तिथे गुरं चरतात. मी हौसेने बारा वांग्यांची रोपं लावली होती आणि एक दिवस दुपारी ऑफिसमधून येऊन बघते तर सात रोपं बुडापासून कुरतडलेली, मला रडूच आलं खरं सांगायचं तर. मी म्हटलं उद्याच विष आणते. दादा म्हणाले, "पोरी, इख टाकायचं न्हाई. घुशीला इख घातलं की ती खाऊन घुबाड मरतं, मग पुढल्या साली दुप्पट घुशी. मला दोन दिस दे."

त्या दोन दिवसांत त्यांनी काय केलं, तर नुसते खुर्ची टाकून बसले. कोणती खार कुठून येते, कुठे जाते. मग संध्याकाळी खारी आत गेल्यावर रद्दी पेपरचे बोळे करून कुंपणाच्या आतल्या एकूण एक बिळात कोंबले, वर माती. चौदा बिळं निघाली! दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मोजली तर नऊ उकरलेली, पाच तशीच बंद. म्हणजे वापरात नऊच. अहो निम्मं काम तिथेच झालं, कारण लोक रिकाम्या बिळांवर पैसे घालवत बसतात.

पण खरी गंमत पुढे आहे. कुंपणाच्या पलीकडे, फुटावर, एक बीळ होतं ते दादांनी बंदच केलं नव्हतं. मी विचारलं हे का सोडलं? तर म्हणाले, "हे खारीचं न्हाई. बघ की, कुणीतरी दारात शेणाचा सडा घातलाय." मी वाकून बघितलं, खरंच, बिळाच्या तोंडाशी वाळलेल्या शेणाचे तुकडे पसरलेले, दोन पिसं, पांढरी शीट, भुंगेऱ्यांची टरफलं. संध्याकाळी आम्ही तिघं, दादा, मी आणि माझी मुलगी, अजिबात आवाज न करता उभे राहिलो, आणि त्या बिळातून बाहेर आला एक लहानसा उंच पायांचा पक्षी, पिवळे डोळे, मान खालीवर करून आमच्याकडे बघतोय. दादा एकदम हळू आवाजात म्हणाले, "अगं, हा तर पिंगळा!"

मला वाटलं त्यांना नुसता तसा वाटतोय. नंतर वाचलं तर अक्षरशः खरं, इथल्या ह्या बिळातल्या घुबडाचं आणि आपल्या पिंगळ्याची प्रजाती, म्हणजे जीनस, एकच, अथेने. इकडे तो स्वतः क्वचितच खणतो, खारीनं सोडलेलं बीळ घेतो. आणि शेण मुद्दाम आणून टाकतो, त्याला भुंगेरे येतात, ते हा खातो. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या बिळाला हात लावता येत नाही. आम्ही विष टाकलं असतं ना, तर विष खाल्लेली खारीची पिल्लं ह्याच्याच पोटात गेली असती.

इथे एक बोलतेच. आपण आईवडिलांना इथे बोलावतो आणि सहा महिने टीव्हीसमोर बसवतो. असं करू नका हो. त्यांना मागची चार फूट जमीन द्या, त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

बरं, आता उपाय, वेळ कमी आहे. वाफ्याच्या खाली आणि वर अर्ध्या इंचाची तारेची जाळी, हार्डवेअर क्लॉथ म्हणतात ती. वर पण हवी, कारण ही चढते. लाकडांचा ढीग, पडलेली फळं, पक्ष्यांचे दाणे उचला. पिंजरा लावायचा तर आमिष अक्रोड-बदाम, आणि पकडलेली खार गाडीतून लांब नेऊन सोडू नका, परवानगीशिवाय ते कॅलिफोर्नियात बेकायदेशीर आहे. बिळात धूर सोडायचा तर वसंतात, माती ओली असताना, कोरड्या मातीच्या भेगांतून तो निघून जातो आणि सुक्या गवताला आग लागते, म्हणून लायसन्सवाल्या माणसाकडूनच. वर्षाला एकच वेत, पण सात-आठ पिल्लं, त्यामुळे वसंत चुकवू नका. कडक उन्हाळ्यात मोठ्या खारी दिसेनाशा होतात, त्या गेलेल्या नसतात, खाली झोपलेल्या असतात. उंदरांच्या विषांवर इथे 2021 पासून बंधनं वाढत गेली आहेत आणि मला ते शंभर टक्के पटतं.

मेलेल्या खारीला मात्र हात लावू नका, मुलांना सांगा, कुत्र्याला लांब ठेवा. तिच्या पिसवांतून प्लेग होऊ शकतो. 1896 ला मुंबईत, 1897 ला पुण्यात आलेली ती साथ, ज्यात आजाऱ्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तीच जगभर फिरत 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि उंदरांकडून ह्या खारींमध्ये शिरली. अजून आहे. क्वचित, पण आहे.

आमची उरलेली पाच रोपं जाळीत वाचली, ऑगस्टमध्ये दादांनी स्वतःच्या हातानं भरली वांगी केली. तर ह्या शनिवारी संध्याकाळी जुने पेपर घ्या, बोळे करा, पण कोंबायच्या आधी प्रत्येक बिळाच्या तोंडाशी वाकून बघा, पिसं किंवा शेण दिसलं तर तिथून मागे या. नमस्कार.