शिंपलीतला पाऊस

(दृश्य: ओहोटी. खाडीच्या चिखलात उमटलेली पावलं.)

रत्नागिरीजवळची काळबादेवीची खाडी. पाणी ओसरलं की बायका टोपल्या घेऊन उतरतात. कमरेत वाकायचं, बोटं रेतीत खुपसायची, हाताला टणक लागलं की ओढून काढायचं. हे मुळे. मुंबईकडे यांच्या भाईबंदांना तिसऱ्या म्हणतात. रात्री कालवण होतं आणि सकाळी शिंपल्या परसात पडतात.

त्यातली एक उचलू. जुन्या काळी पाऊस किती पडत होता, हे तिच्यातून वाचता येईल का, ते पाहू. पाठीवर कडेला समांतर बारीक रेघा आहेत. आतला जीव वाढतो तसतसा कडेला नवा चुना चढतो. या चुन्यात त्या वेळच्या पाण्यातला ऑक्सिजन अडकतो. ऑक्सिजन मुख्यतः दोन वजनांचा, हलका सोळा आणि भारी अठरा. भारी अणू पाचशेंत जेमतेम एक. पाणी गार असलं की तो चुन्यात किंचित जास्त बसतो. हॅरॉल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञाने १९४७ साली हे गणित मांडलं आणि १९५१ मध्ये त्याच्या गटाने डायनासोरांच्या काळातल्या समुद्राचं तापमान जीवाश्मांवरून काढूनही दाखवलं.

कोकणात मात्र हे गणित अडखळतं. इथला समुद्र बारा महिने कोमटच. बदलतो तो पाऊस. रत्नागिरीला चार महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलक्या ऑक्सिजनचं असतं. ते खाडीत मिसळलं की शिंपलीतला भारी ऑक्सिजन घटतो. नुसतं तापमानाचं सूत्र लावलं, तर भर आषाढात खाडी तापली असं उत्तर येईल. वाडीतलं शेंबडं पोरही हसेल! शिवाय खाडी फारच गोडी झाली तर आतला जीव तोंड मिटून बसतो, वाढ थांबते, आणि ऐन मुसळधारेची नोंदच राहून जाते.

म्हणून संशोधक समुद्राच्या तळाकडेही वळतात. तिथल्या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांची कवचं साचलेली असतात. त्यांतल्या मॅग्नेशियमवरून तापमान वेगळं काढता येतं. ते वजा केलं की उरतो तो पाण्याचा हिशेब. अरबी समुद्रातल्या अशा गाळावर गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम चालतं. या हिशेबात बर्फही धरावा लागतो. वीस हजार वर्षांपूर्वी हलकं पाणी ध्रुवांकडच्या बर्फात अडकलं होतं. समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा पश्चिमेला कितीतरी दूर.

(दृश्य: करळ. दगडात रुतलेल्या शिंपल्या.)

किनाऱ्यावरच्या या दगडाला इथे करळ म्हणतात. वाळू आणि शंखशिंपल्यांचा चुरा चुन्याने सांधला जाऊन तो बनतो. यातली जुनी शिंपली मोहात पाडते, पण आधी तिची झडती घ्यावी लागते. मुळ्यांची शिंपली ॲरागोनाइट या खनिजाची असते. तिच्यात कॅल्साइट हे चुन्याचंच दुसरं खनिज सापडलं, तर पाझरत्या पाण्याने चुना नव्याने घडवला आहे आणि जुना ऑक्सिजन विश्वासाचा राहिलेला नाही. अशी शिंपली बाजूला ठेवायची.

शाबूत शिंपलीवर बारीक ड्रिलने रेघेगणिक भुकटी काढतात. मिठाच्या एक-दोन कणांएवढी भुकटी पुरते. त्यावर फॉस्फोरिक आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. चुन्याच्या भट्टीत शिंपल्या भाजताना उडून जातो तोच हा वायू. इथे तो यंत्रात पकडून त्याच्या रेणूंचं वजन करतात आणि त्यावरून भारी ऑक्सिजन किती ते काढतात.

आणि सुरुवात कुठून करायची? परसातल्या ताज्या शिंपलीपासून. तिची कड यंदाच्या पाण्यात घडलेली असते आणि यंदा पाऊस किती पडला, हे पर्जन्यमापकावर लिहिलेलं आहे.