कोर्टाचा धुरा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या वऱ्हाडात शेताचा धुरा, म्हणजे बांध, हातभर सरकला, की दोन घरांचं बोलणं बंद होतं. पोरांची लग्नं होतात, नातवंडं होतात, पण ते भांडण काही मिटत नाही. आज मी त्याहून मोठ्या एका धुऱ्याबद्दल बोलणार आहे. कोणत्या गावची मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, कोणत्या जिल्हा कोर्टात जायची, हे ठरवणारा धुरा.

माझे आजोबा मंगरूळपीरजवळच्या खेड्यातले. धुऱ्याचाच दावा होता. खालच्या कोर्टात जिंकले, समोरच्यानं अपील केलं आणि मिसल अकोल्याला गेली. पेशीच्या दिवशी आजी अंधारातच भाकर अन् ठेचा बांधून द्यायची. लाल फडक्यात गुंडाळलेले कागद आजोबा काखेतच धरत, पिशवीत कधी ठेवत नसत. दुपारपर्यंत कोर्टाबाहेर लिंबाखाली बसायचं, पुकाऱ्याकडे कान लावायचे, पुढची तारीख घ्यायची आणि शेवटची एष्टी गाठायची. ऐन निंदणाचे कितीतरी दिवस असे बुडाले.

आजोबांना वाटायचं, अकोला पहिल्यापासूनच आपला जिल्हा. तसं नव्हतं. निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे तिथे सहा जिल्हे झाले: अमरावती, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, अकोला, बुलढाणा, वणी आणि बाशीम. वणी जिल्ह्याचं पुढे यवतमाळ झालं आणि बाशीम म्हणजे आपलं वाशीम. मंगरूळ आणि पुसद हे त्याचेच तालुके. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला आणि १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे केले. एलिचपूर अमरावतीत गेलं. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला, पुसद यवतमाळला. एका जिल्ह्याची अशी फाळणी झाली आणि तिथल्या कास्तकाराची वाट बदलली. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मधली त्र्याण्णव वर्षं गेली. आजोबाही गेले.

पूर्वेकडे तर अंतरं याहून मोठी. गोदावरीकाठचं सिरोंचा एके काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, घातला. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तरी सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहेच. पावसाळ्यात नाले भरले की हा आकडा निरर्थक होतो.

वरच्या कोर्टाचंही असंच. नागपूरला १९३६ मध्ये स्वतःचं हायकोर्ट मिळालं. वीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला गेलं, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. ते राहिलं हे आपलं भाग्य समजतो मी. नाहीतर गोंदियाच्या माणसाला अपिलासाठी थेट मुंबई गाठावी लागली असती.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. महसुली जिल्हा आणि सत्र विभाग, म्हणजे फौजदारी खटले चालवणाऱ्या सत्र न्यायालयाची हद्द, या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा होतो जमीन महसूल अधिनियमाखाली. सत्र विभाग ठरतो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानं. पूर्वीच्या १९७३ च्या कायद्यात कलम ७ होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ७ च आहे. एका सत्र विभागात एक जिल्हा असू शकतो, अनेकही असू शकतात. हायकोर्टाशी सल्लामसलत करून राज्य सरकार या हद्दी बदलू शकतं. म्हणून कलेक्टर ऑफिसची पाटी लागली, की कोर्टाचं कामही आपोआप झालं, असं धरून बसू नका.

तुमच्या तालुक्यातून कोर्टासाठी अर्ज जाणार असेल, तर त्यात किलोमीटर लिहाच. पण सोबत एष्टीचं टाइमटेबलही जोडा. गावातून पहिली गाडी किती वाजता निघते, आणि पेशी आटोपून निघालेल्याला शेवटची गाडी सापडते का, ते त्यात दिसू द्या.

नमस्कार.