जेवणाचा अर्ज आणि शाळेचा पैसा

नमस्कार श्रोतेहो. आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे अमेरिकेत आहेत. तिकडे घर बघायचं म्हटलं की आपली मंडळी भाड्याच्या आधी विचारतात, शाळा कशी आहे? त्याचं कारण आहे. तिथल्या सरकारी शाळांचा बराचसा खर्च त्या भागातल्या घरांच्या मालमत्ता करातून निघतो, उरलेल्याचा मोठा भाग राज्य देतं. वस्तीच गरीब असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? टेक्सासमधल्या काही पालकांनी ही तफावत सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले.

वॉशिंग्टनचं केंद्र सरकार यात थोडी भर घालतं. त्यातली मोठी योजना म्हणजे ‘टायटल वन’: गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना जादा पैसा. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या योजनेच्या कायद्यावर सही केली ती टेक्सासमध्ये, आपल्या लहानपणच्या शाळेपाशी. शेजारी त्यांच्या शाळेतल्या पहिल्या शिक्षिका बसल्या होत्या. जॉन्सन स्वतः तरुणपणी कोटुला गावात गरीब मेक्सिकन मुलांना शिकवत, त्यामुळे हा नुसता देखावा होता असं मला वाटत नाही.

पण पैसा आला की वाटाही फुटतात. गरीब मुलांच्या नावानं आलेल्या रकमेतून काही ठिकाणी चक्क पोहण्याचे तलाव झाल्याचं १९६९ च्या एका अहवालानं उघड केलं. त्यानंतर नियम कडक झाला: हा पैसा राज्याच्या आणि स्थानिक खर्चात भर म्हणून वापरायचा, त्यांनी हात आखडता घ्यावा म्हणून नव्हे.

आज ही रक्कम वर्षाला सुमारे १८ अब्ज डॉलर आहे. आकडा डोळे दिपवतो, पण शाळांवरच्या एकूण शंभर डॉलरमधले केंद्राचे, सगळ्या योजना धरून, एरवी साधारण दहाच.

आता गंमत बघा. शालेय जिल्ह्याचा, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, वाटा जनगणना विभागाच्या गरिबीच्या अंदाजावरून ठरतो. जिल्ह्यातल्या कोणत्या शाळेला किती, हे मात्र बहुतेक वेळा दुपारचं जेवण फुकट किंवा स्वस्तात मिळायला किती मुलं पात्र आहेत, यावरून ठरत आलं आहे. त्यासाठी घरी एक अर्ज येतो: घरात माणसं किती, मिळकत किती. एखाद्या आईनं लाजेपायी किंवा भीतीपायी तो दप्तरातच राहू दिला, तर तिचं मूल मोजणीतून गळतं आणि शाळेचा वाटा घटतो. अलीकडे अनेक शाळा सगळ्यांनाच फुकट जेवू घालतात. चांगलंच आहे. पण मग अर्जच उरत नाही. तिथे सरकारी अन्नमदत वगैरे घेणाऱ्या घरांतली मुलं मोजून, या मोजणीत न आलेली गरीब मुलंही धरली जावीत म्हणून, त्या आकड्याला १.६ नं गुणण्याची सोय आहे. सरकारदरबारी नाव नोंदवायला घाबरणारी स्थलांतरित कुटुंबं त्यातून पुन्हा सुटतात, ही मला यातली खरी मेख वाटते.

शाळेत ४० टक्के मुलं गरीब असतील तर पैसा सगळ्या शाळेसाठी वापरता येतो. त्याखाली, राज्यानं खास सवलत दिली नाही तर, या पैशातून ठेवलेल्या वाचनाच्या जादा बाई फक्त अभ्यासात मागे म्हणून यादीत घेतलेल्या मुलांसाठी.

‘टायटल वन’ची शाळा म्हणजे वाईट शाळा, असं आपली मंडळी झटकन ठरवून टाकतात. त्या पाटीवरून फक्त तिथली गरिबी कळते. शिकवणं कसं आहे ते वर्गात जाऊनच बघावं लागतं. अशा शाळेला वर्षातून एकदा पालकसभा घेऊन या योजनेची माहिती द्यावीच लागते, आणि पालकांसाठीचा निधी कुठे खर्चायचा यात पालकांना बोलता येतं. तुमची लेक तिकडे असेल, तर या सभेला जायला तिला जरूर सांगा. नमस्कार.