शेवटचं अक्षर

(दृश्य : अभ्यासिकेतलं लांब टेबल. कागदावरून सरकणारी पेन्सिल.)

हाँगकाँगमधला शाम शुई पो हा जुना, दाटीवाटीचा भाग. खाली रस्त्यावर वायरी, बॅटऱ्या, जुने रेडिओ मांडलेल्या टपऱ्या आणि वर माणसांनी गच्च भरलेल्या इमारती. घरात अभ्यासाला कोपरा मिळत नाही, म्हणून मुलं संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका गाठतात. पुण्यात, लातुरात गाठतात तशीच.

ही मुलगी फॉर्म फाइव्हमध्ये आहे. म्हणजे आपली अकरावी. घरी कँटनीज, म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी चिनी, बोलते. शाळेतही बहुतेक विषय चिनीतूनच शिकते. समोर इंग्रजीचा एक उतारा आहे. त्यात जागोजागी चुका पेरलेल्या आहेत. त्या हुडकायच्या आणि दुरुस्त करायच्या. मुलं याला प्रूफरीडिंग म्हणतात.

पहिल्या ओळीत लिहिलंय, ‘येस्टर्डे आय गो टू द मार्केट.’ तिची पेन्सिल त्या ओळीवरून न अडखळता पुढे जाते.

बघणाऱ्याला वाटेल, लक्ष नाही पोरीचं. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. या शहरात काही वर्षं मी शनिवारी मुलांचे इंग्रजी निबंध तपासायला बसत असे. लाल पेन हातात असला की चूक दिसते, ती कुठून आली ते दिसत नाही. ते कळायला मला कँटनीज शिकावी लागली.

कँटनीजमध्ये क्रियापद बदलत नाही. मी जातो, ती गेली, आपण जाणार, सगळ्याला एकच शब्द. काल, उद्या, आधी असे शब्द काळ सांगून टाकतात, मग क्रियापदाला वेगळं काही बोलायची गरज उरत नाही. ‘चॉ’ नावाचा एक छोटा शब्द क्रियापदाला चिकटतो आणि काम पुरं झालं एवढं सांगतो. पण ‘उद्या जेवण झाल्यावर जाऊ’ म्हणतानाही तोच ‘चॉ’ येतो. तेव्हा त्याला भूतकाळ म्हणता येत नाही.

आता त्या ओळीकडे पुन्हा बघा. ‘येस्टर्डे’ म्हटलंय ना? मग ‘गो’मध्ये चुकलं काय? तिच्या भाषेच्या हिशोबानं ते वाक्य पूर्ण आहे.

अनेकवचनाचंही तेच. एक पुस्तक, दहा पुस्तकं, शब्द ‘श्यू’च. किती आहेत ते आकडा सांगतो. आणि तो, ती, ते या तिघांना मिळून बोलण्यात एकच शब्द, ‘खॉय’. आपण मराठी माणसं दगडालाही लिंग देतो, त्यामुळे आपल्याला हे नवलाचं वाटतं. ही मुलगी इंग्रजीत आईबद्दल बोलताना मध्येच ‘शी’च्या जागी ‘ही’ म्हणून जाते. आई कोण, हे तिला पक्कं ठाऊक असतं. फक्त बोलताना दरवेळी ते निवडायची सवय तिच्या जिभेला कधी लागलेलीच नसते.

(दृश्य : आरशासमोर बोलणारे ओठ. शब्दाच्या शेवटी मिटणारे.)

यापुढची गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

कँटनीज शब्द संपतो तो स्वरावर, नाहीतर म, न, ङ यांवर, नाहीतर प, त, क यांच्या अर्ध्या, मिटलेल्या उच्चारावर. एवढेच शेवट. शब्दाच्या शेवटी ‘स’ नाही, ‘ड’ नाही, दोन व्यंजनांचा जोड तर नाहीच. आणि इंग्रजीनं आपलं व्याकरण नेमकं ठेवलंय कुठे? शब्दाच्या शेपटाशी. बुक्समधला स, कॉल्डमधला ड, शी वॉक्समधला स. जिथे इंग्रजी वाक्याचा काळ आणि संख्या लपलेली असते, तिथेच कँटनीज तोंड मिटतं. या मुलांना ते अक्षर नीट ऐकूच येत नाही, मग लिहिताना कुठून आठवणार? गुणपत्रिकेत मात्र याची नोंद एकाच शब्दात होते : निष्काळजीपणा. हा शब्द मला फार लागतो.

(दृश्य : फळ्यावर एकाखाली एक तीन भाषांतली वाक्यं.)

आता जरा वेगळं. ‘ङॉ खाम-यात माय के श्यू.’ आपल्या वर्णमालेतला ङ, जो आपण शब्दाच्या सुरुवातीला कधी वापरत नाही, तो इथे ‘मी’ म्हणताना पहिलाच येतो. आता एकेका शब्दाचा अर्थ लावा : मी, काल, घेणं, ‘लेलं’, पुस्तक. मी काल घेतलेलं पुस्तक! शब्द जागचा हलवावा लागत नाही. इंग्रजी मात्र पुस्तक पुढे आणते आणि बाकीचं वर्णन त्याच्या मागे जोडते : ‘द बुक आय बॉट येस्टर्डे’. इथे चिनी मूल जसं गडबडतं तसंच मराठी मूलही गडबडतं.

‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो.’ कँटनीजमध्येही अशीच जोडी आहे, ‘सॉय-यिन’ आणि ‘तान-हाय’. म्हणून ती लिहिते, ‘ऑलदो इट रेन, बट वी गो.’ इंग्रजीला दोघांतला एकच चालतो. आपल्या वर्गातही ऑलदोच्या पाठोपाठ बट आलेला मी कितीदा पाहिलाय.

पण कर्ता, क्रियापद, कर्म हा इंग्रजीचा साधा क्रम तिला आयता मिळालेला आहे, कारण तिच्या भाषेचाही तोच आहे. आपल्याला क्रियापद वाक्याच्या शेवटून उचलून मध्ये आणावं लागतं. तिला नाही.

वाचनाची अडचण आणखी निराळी. मुख्य भूमीवरची चिनी मुलं रोमन अक्षरांतलं पिनयिन शिकत चिनी वाचायला लागतात. हाँगकाँगची बहुतेक मुलं तसं शिकत नाहीत. चित्रलिपीतलं एकेक अक्षर बघून, गिरवून पाठ करतात. त्यामुळे ध्वनी जोडून वाचायची पहिली लिपी त्यांना भेटते ती इंग्रजीची. अनेक मुलं इंग्रजी शब्दही चित्रासारखा लक्षात ठेवतात. आणि उताऱ्याखाली हमखास एक प्रश्न असतो : अमुक ओळीतला ‘इट’ कशासाठी आलाय? कँटनीज बोलताना असे शब्द सर्रास गाळले जातात, संदर्भावरून समजून घेतले जातात. एवढासा ‘इट’, पण त्याच्यासाठी ती आख्खा परिच्छेद तीनदा वाचते.

(दृश्य : जुन्या हाँगकाँगच्या दुभाषी पाट्या.)

हे सगळं एवढं जिवावर का येतं? 1974 सालापर्यंत या ब्रिटिश वसाहतीत इंग्रजी ही एकमेव राजभाषा होती. रस्त्यावर सगळे कँटनीज बोलायचे आणि सरकारी कागद इंग्रजीत निघायचा. 1997 मध्ये हाँगकाँग चीनकडे परत गेलं आणि 1998 पासून बहुतेक माध्यमिक शाळांना मातृभाषेतून शिकवायला सांगण्यात आलं. 114 शाळांना तेवढी इंग्रजी माध्यमाची मुभा राहिली. पालकांच्या लेखी त्या शाळा वरच्या आणि बाकीच्या खालच्या. 2010 पासून हे नियम सैल झाले. माझ्या मते मातृभाषेचा निर्णय योग्यच होता, पण त्यातून जी उतरंड तयार झाली ती मुलांच्या मनावर बसली. चिनी माध्यमाची मुलगी इंग्रजीचं पान उघडते तेव्हा आपण कमी आहोत हे आधीच मान्य करून बसलेली असते.

शाळेच्या शेवटी, फॉर्म सिक्सला, डीएसई परीक्षा, आपल्या बारावीसारखी. पहिली 2012 साली झाली. इंग्रजीत वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार पेपर. वाचनाला दीड तास. त्यात एक भाग सगळ्यांना सक्तीचा, पुढचा सोपा की कठीण ते आपण निवडायचं. निकाल पातळ्यांत लागतो, आकडा मोठा तितकं चांगलं. सोपा घेतला तर चौथ्या पातळीच्या वर जाता येत नाही. लेखनाला दोन तास, एक मजकूर साधारण 200 शब्दांचा, दुसरा 400 चा. विद्यापीठाचं दार उघडायला इंग्रजीत किमान तिसरी पातळी लागते.

म्हणून मग ‘छौ-क्युन’. क्युन म्हणजे प्रश्नपत्रिका आणि छौ म्हणजे कवायत, सैनिकांची असते तशी. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवत राहायचे. शाळा सुटली की क्लास. तिथे तयार वाक्यं मिळतात, निबंधाची सुरुवात, शेवट, वजनदार शब्द. मुलं ती पाठ करतात आणि कुठल्याही विषयाला चिकटवतात. कवायतीनं हात चालतो, वेळ साधते, हे मी नाकारत नाही. पण अशा निबंधांचे गठ्ठे वाचताना मला लिहिणारं मूल कुठे भेटायचंच नाही.

(दृश्य : पुन्हा अभ्यासिका. बाहेर अंधार पडलाय.)

ही मुलगी मला एका निबंधात भेटली. घरातल्या एका माणसाबद्दल लिहायचं होतं. तिनं दोन ओळी पाठ केलेल्या लिहिल्या, मग थांबली आणि पुढे आपलं लिहिलं : ‘माय ग्रँडमदर सेल फिश बॉल.’

माशांचे गोळे, बांबूच्या काडीवर टोचून, तिखट रश्श्यातले. इथे रस्त्यावर मिळतात.

मी विचारलं, ‘‘आजी अजून विकते?’’

‘‘नाही, मिस. गुडघे गेले. मी लहान असताना विकायची.’’

‘‘मग मला हे या ओळीतून कसं कळणार?’’

ती ओळीकडे बघत बसली. नियम तिला पाठ होता. सेलचं सोल्ड तिनं शेकडो रिकाम्या जागांत भरलं असेल. पण त्या जागांमध्ये तिची आजी नव्हती. तिनं ‘सेल’ खोडलं आणि सावकाश ‘सोल्ड’ लिहिलं. ‘बॉल’ला ‘स’ जोडला.

मग मला न विचारता पुढचं वाक्य लिहिलं, की आजी अजूनही रात्री नाणी मोजते. ‘शी स्टिल काउंट द कॉइन्स एव्हरी नाइट.’

पानाच्या तळाशी पोचलेली पेन्सिल थांबली. ती ओठातल्या ओठात वाक्य पुटपुटली, एकदा, दोनदा. पेन्सिल वर गेली आणि ‘काउंट’च्या पुढे, जेमतेम मावेल एवढ्या जागेत, तिनं एक बारीक ‘स’ लिहिला.