पुटाखालची चमक

मंडळी, ही ॲल्युमिनियमची पट्टी मी मुद्दाम आहे तशी आणली आहे. साठच्या दशकातल्या एका अमेरिकन गाडीच्या चाकाच्या कमानीवरची. हातात घेऊन बघा. सगळी दुधाळ झालीय, मधे पांढरे डाग आहेत, टोकाला बारीक भेगांचं जाळं आहे. हिच्या जोडीची दुसरी पट्टी मी तीन रविवार मेटल पॉलिशनं घासत होतो आणि फडकं काही काळं होईना. उघडं ॲल्युमिनियम घासलं की फडकं लगेच काळं पडतं. म्हणजे पॉलिश धातूपर्यंत पोचतच नव्हतं.

आड येत होतं ॲनोडायझिंगचं पुट. ॲल्युमिनियम सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागाचं ऑक्साइड होतं. रंगासारखं ते वरून बसवलेलं नसतं, धातूतूनच वाढलेलं असतं. या पट्ट्यांवर त्याची जाडी साधारण ८ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. पण माणिक आणि नीलमसुद्धा मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडच, हे लक्षात घ्या. एवढ्या कठीण पुटाला डब्यातलं पॉलिश काय करणार?

तेव्हा पुट काढावंच लागतं. मात्र काढण्याआधी एक दिवस थांबा, कारण काढलेलं पुट घरी परत आणता येत नाही. १९५६ सालची प्लिमथ फ्युरी आठवा, पांढऱ्या अंगावर सोनेरी पट्टा. तो सोनेरी रंग त्या पुटातच असतो. ऑक्साइडच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रं बंद करतात. पुट गेलं की सोनंही गेलं, खाली पांढरा धातू. अशी एक पट्टी मी माझ्या हातानं घालवली आहे, त्याचं मला आजही वाईट वाटतं. सोनेरी पट्टी घरी सोलू नका.

दुसरं, धातू ओळखा. १९५७ च्या शेव्हरले बेल एअरच्या मागच्या अंगावर बाजूच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत आणि त्यांच्यामधलं रेघांचं पान, म्हणजे रेघा असलेला पत्रा, ॲल्युमिनियमचं. ते पान आरशासारखं करायला जाऊ नका, रेघा गेल्या की गाडीचा चेहरा बदलतो. शंका असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूला कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका. थोड्या वेळानं बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम, नाही आले तर स्टेनलेस. थेंब लगेच धुऊन टाका.

पुट काढायला लागतो तोच कॉस्टिक सोडा. अमेरिकेत बरेच जण ओव्हन साफ करायचा फवारा वापरतात. डब्यावर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे हाच कॉस्टिक सोडा, लिहिलंय का ते आधी वाचा. सोड्याचं पाणी करायचं असेल तर प्लॅस्टिकच्या भांड्यात गार पाणी घ्या आणि सोडा पाण्यात थोडा थोडा टाका. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, उकळून अंगावर उडतं. चष्मा आणि लांब रबरी हातमोजे हवेतच. काम उघड्यावर करा, कारण यातून हायड्रोजन निघतो. जवळपास विडी नको, ठिणगी नको. पट्टी गाडीवरून उतरवूनच काम करा, रंगावर हे पाणी पडलं तर रंग गेला.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग एकदम फेस येतो. तो फेस म्हणजे पुट संपून सोडा धातू खायला लागला आहे. त्या क्षणी पट्टी बाहेर काढा आणि भरपूर पाण्यानं धुवा. दोन मिनिटं जास्त ठेवली तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढचे दोन दिवस घासण्यात जातात. धुतल्यावर काळपट राख दिसेल. घाबरू नका, मिश्रधातूतले इतर घटक वर राहिलेत, घासलं की जातात.

पोचे आता काढा, आधी नाही. पुटासकट ठोकलं तर ते तडकतं. पट्टी लाकडी ठोकळ्यावर उपडी धरून मागून छोट्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे. मग पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, जाड्यापासून बारीककडे: ४००, ६००, १०००, १५००. मागच्या कागदाचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढे जाऊ नका. मी घाई केली तिथे तो ओरखडा बफवर, म्हणजे चमक आणायच्या फिरत्या चाकावर, उठून दिसला.

बफिंगला शिवलेलं कापडी चाक आणि पॉलिशची तपकिरी वडी, मग सुटं चाक आणि पांढरी वडी. पट्टी चाकाच्या मध्याखाली धरायची, मागे लाकडी फळी लावून. चाक कडेवर चढलं तर पट्टी हातातून हिसकावून नेतं आणि पापणी लवायच्या आत तिची घडी करतं. लोखंड घासलेलं चाक इथे वापरू नका. लोखंडाची ठिणगी आणि ॲल्युमिनियमची धूळ एकत्र आली की आग लागते.

आता चमक आली, पण कवच गेलं. कारखान्यात अशी पट्टी गरम फॉस्फोरिक आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उजळून मगच ॲनोडाइझ करत. परवडत असेल तर पॉलिश झाल्यावर पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्या, मी तेच सुचवीन. नाहीतर मेण लावा. माझ्या दोन कमानी मेणावर आहेत. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या आत मी गाडी झाकतो आणि वसंतात अर्धा तास फडकं फिरवावं लागतं. फडकं काळं होतं, तेव्हा बरं वाटतं.