न झालेल्या संसर्गाचा हिशेब

वॉर्डातल्या सिस्टरला ताप उतरलेला दिसतो, जखम भरलेली दिसते. संसर्ग नियंत्रणाचं काम पाहणाऱ्या तुम्हां मंडळींचं यश मात्र घडलेलंच नसतं. न झालेला संसर्ग कुठल्याच केसपेपरवर येत नाही. झाला, की पहिला फोन तुम्हालाच. या कामात मन रमत नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

म्हणून मोजा, पण भाजकासकट मोजा. रोज एकाच ठरलेल्या वेळी वॉर्डात लघवीची नळी असलेले रुग्ण मोजायचे. महिन्याची बेरीज म्हणजे कॅथेटर-दिवस. समजा, ८०० कॅथेटर-दिवसांत ६ संसर्ग झाले, तर दर हजारी ७.५. पुढच्या महिन्यात ४च झाले म्हणून सगळे खूश. पण कॅथेटर-दिवस ४०० असतील तर दर १० झाला, म्हणजे बिघडलंच. नेहमीची चूक अशी, की नळी काढली तरी नोंद तशीच राहते. भाजक फुगतो आणि दर फुकटचा चांगला दिसतो.

हा आकडा कमिटीच्या फायलीत नको, नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावा. राउंडला ‘सर, ही नळी आज काढायची का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरला आपलं काम तिथे दिसेल.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं, की पगार, पाळ्या, सोयी बिघडल्या की नाराजी वाढते. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण समाधान येतं ते कामातूनच. पटतं. फक्त आपल्याकडे नाराजीचीच पायरी अजून ओलांडलेली नसते! एन-९५ एकाच मापाचा मागवला, तर लहान चेहऱ्याच्या सिस्टरच्या गालापाशी फट राहते आणि गाळणीला बगल देऊन हवा तिथून आत येते. मग तो मास्क नावापुरताच.

सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवायची; पिळायची नाही. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, फार तर ७२ तासांच्या आत, आणि पुढे २८ दिवस घ्यायचं. अडतं कुठे? रात्रपाळीला औषध कपाटात आणि चावी दिवसपाळीवाल्याच्या खिशात. त्यात ‘सुईला टोपण परत का लावलंस?’ हा पहिला प्रश्न आला, की पुढची सिस्टर सुई टोचल्याचं सांगतच नाही.

नाशिकला २०२७ चा सिंहस्थ आहे. रामकुंड, तपोवनाकडच्या वाढीव ड्यूट्यांच्या याद्या लागतील. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, त्यानंतर १ ते २ महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी, आणि पातळी किमान १० mIU/mL हवी. म्हणजे कोरी पाटी असलेल्या सिस्टरला सात-आठ महिने लागतात. ड्यूटीची यादी करताना नावापुढे लसीचा रकाना ठेवा, आणि तो आधी भरा.