खुरपणाऱ्या चौघी आणि वहीतली खुरपणी

देगलूर तालुक्यातलं सोयाबीनचं रान. जुलै महिना, वाफसा आलाय, म्हणजे जमिनीतली ओल कामाजोगी झालीय. चार बाया ओळीनं बसत-सरकत पुढं चालल्यात. खुरप्याचं पातं तणाच्या बुडाशी जातं, मनगट जरासं वळतं, तण डाव्या हातात येतं.

किती झालं? एकीनं मान वर न करता सांगितलं, "दोन खुरपण्या झाल्या, तिसरी ऱ्हायली."

'खुरपण्या'. 'खुरपणं'चं असं अनेकवचन होत नाही. खुरपणं म्हणजे चालू असलेली क्रिया, कंबर मोडणारी. खुरपणी म्हणजे मोजता येणारं, गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, देता येणारं काम. पेरणं-पेरणी, वेचणं-वेचणी, मळणं-मळणी. पण सगळीकडं एकट्या '-णी'चं राज्य नाही. लावणीशेजारी लागवड असते, नांगरणीशेजारी नांगरट, आणि पेरणीशेजारी 'पेरा'ही नांदतो. नियम शोधत बसू नका, इथं कानच खरा.

अख्खं वाक्यही असंच नाम होतं. 'पाऊस आला नाही' याचं 'पावसाचं न येणं'. पावसाला 'चं' चिकटलं आणि काळ गळून पडला. काल आला नाही की उद्या येणार नाही, हे आता शब्दात नाही. मग त्याला विभक्ती लावा: पावसाच्या न येण्यानं पेरा वाया गेला. देगलूरपासून जवळच तेलुगू बोलली जाते. तिथं पावसाच्या येण्याला म्हणतात 'वर्षम् रावडम्'. कन्नडमध्ये 'मळे बरुवुदु'. दोन्हीकडं क्रियापद नाम झालं, पाऊस मात्र आहे तसाच उभा, त्याला 'चं' लागत नाही.

'दुबार पेरणी' या दोन शब्दांत तर घरचं सगळं वर्ष येतं: बी मोडलं, पुन्हा उसनवारी केली, पुन्हा पेरलं. कुणी, ते शब्दात नाही. सरकारी मराठीला ही सोय फार आवडते. 'पाणी सोडण्यात आले.' 'सोडणे'चं नाम, त्याला 'त' लावला, आणि सोडणारा गायब!

दिवस कलला. मालकानं बांधावर वही काढली. 'खुरपणी – ४ बाया.' नावं नाहीत. शेळ्यांसाठी तणाचा भारा डोक्यावर घेत एकीनं विचारलं,

"उद्या येणं हाय का?"